टेन स्पीड म्हणजे किती मिलिमीटर?

पाऊस ओसरला की पुण्यातल्या सायकलच्या दुकानांत गर्दी सुरू होते. चार महिने गॅलरीत, जिन्याखाली, पार्किंगच्या खांबाला बांधून ठेवलेल्या रोड बाइक बाहेर निघतात. हवा भरली जाते, रविवारी सिंहगडाचा बेत ठरतो आणि खडकवासल्याच्या अलीकडेच कुणीतरी म्हणतं, "गिअर नीट पडत नाहीयेत रे." मग दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत दुकानाबाहेर सायकलींची रांग लागते. तक्रारी पाहिल्या तर तीन-चारच. गिअर टाकला तर पडत नाही, पडला तर टिकत नाही, चढावर जोर दिला की उडतो, नाहीतर अखंड टकटक चालू असते. आणि दुकानात येण्याआधी बहुतेकांनी घरी एक उद्योग करून ठेवलेला असतो: व्हिडिओ पाहून मागच्या डिरेलरचे दोन्ही स्क्रू फिरवलेले असतात.

कर्वे रस्त्यालगतच्या एका गल्लीतल्या दुकानात मी या मोसमात बऱ्याच संध्याकाळी बसून होतो. दुकान चिंचोळं, भिंतीवर टायर आणि रिमा, मधोमध एक स्टँड. काका पन्नाशी ओलांडलेले. वडिलांच्या हाताखाली ॲटलस आणि हर्क्युलसची पंक्चरं काढत ते या धंद्यात आले आणि आता लाखाच्या वरच्या कार्बन सायकली त्यांच्याकडे येतात. सायकल स्टँडवर चढली की ते आधी मागे जाऊन उकिडवे बसतात. हातात काही नसतं. एक डोळा बारीक करून ते मागच्या चाकाच्या चकत्या आणि डिरेलरच्या पिंजऱ्यातल्या दोन छोट्या पुल्या एका उभ्या रेषेत आहेत का ते बघतात. पिंजरा किंचित आत, स्पोककडे झुकलेला दिसला की "हँगर" एवढंच म्हणून उठतात.

हँगर म्हणजे फ्रेम आणि डिरेलर यांच्यामधली छोटी पत्ती. बहुतेक ॲल्युमिनियम आणि कार्बन फ्रेमवर ती वेगळी, स्क्रूने बसवलेली असते आणि मुद्दाम मऊ धातूची केलेली असते. सायकल उजव्या अंगावर पडली तर फ्रेम मोडण्याऐवजी ही पत्ती वाकावी किंवा तुटावी, हा हेतू. पण वाकण्यासाठी पडावंच लागतं असं नाही. गाडीच्या डिकीत कोंबलेली, लिफ्टच्या दाराला धडकलेली, पार्किंगमध्ये शेजारच्या स्कूटरने रेललेली सायकलही वाकलेला हँगर घेऊन येते आणि मालकाला पत्ता नसतो. डिरेलर सोडवून हँगरच्या भोकात काका एक लांब दांड्याचं माप फिरवून बसवतात. दांड्याचं टोक रिमजवळ आणायचं आणि चाकाभोवती चार ठिकाणी अंतर पाहायचं. चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर त्याच दांड्याने पत्ती हलक्या हाताने बाहेर ओढायची. दहा मिनिटांचं काम. गिऱ्हाइकाचा मात्र पैसे देताना चेहरा पडतो, कारण नवीन काहीच बसवलेलं नसतं.

मागच्या डिरेलरचं काम तसं साधं आहे. चार बिजागऱ्यांचा एक चौकोन तिरपा होत आत-बाहेर सरकतो, त्याच्या खाली दोन पुल्यांचा पिंजरा लोंबतो आणि तो चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलतो. चौकोनात एक स्प्रिंग असते. ती चेनला सतत बाहेर, म्हणजे सगळ्यात छोट्या चकतीकडे ओढत असते. मोठ्या चकतीकडे नेण्याचं काम वायर करते. हँडलवरच्या शिफ्टरचा खटका दाबला की वायर ठरावीक ओढली जाते, सोडला की ठरावीक ढिली होते. म्हणजे चढासाठी गिअर हलका करताना तुमच्या बोटाची ताकद आणि सपाटीवर जड करताना स्प्रिंगची. दोष हुडकताना सगळी मदार या एका गोष्टीवर असते. मोठ्या चकतीकडे जाताना कुरकुर होत असेल तर वायर ढिली आहे. छोट्या चकतीकडे येताना रेंगाळत असेल तर वायर ताणलेली आहे, किंवा कुठेतरी अडकते आहे आणि स्प्रिंगला ती ओढून घेता येत नाही.

एच आणि एल अशी अक्षरं असलेले ते दोन स्क्रू, ज्यांच्यावर सगळ्यांचा डोळा असतो, ते गिअर जुळवण्यासाठी नसतातच. त्यांनी फक्त कुंपण घालायचं असतं. एच स्क्रू चेनला सगळ्यात छोट्या चकतीच्या पलीकडे, फ्रेमकडे पडू देत नाही. एल स्क्रू तिला सगळ्यात मोठ्या चकतीच्या पलीकडे, स्पोकमध्ये जाऊ देत नाही. यातला दुसरा महत्त्वाचा. तो ढिला ठेवून कात्रजच्या चढावर हलका गिअर टाकला तर डिरेलर स्पोकमध्ये शिरतो आणि एका फेऱ्यात डिरेलर, हँगर, चार-दोन स्पोक आणि चेन यांचा एकत्र हिशोब होतो. मधल्या गिअरची टकटक या स्क्रूंनी जात नाही. त्यासाठी वायर जिथे डिरेलरमध्ये शिरते तिथली फिरकी असते. ती मागून पाहताना डावीकडे फिरवली की वायर ताणली जाते. अर्धा फेरा फिरवायचा आणि पाहायचं, बस. तिसरा, बी नावाचा स्क्रू वरची पुली आणि चकती यांच्यातलं अंतर ठरवतो. त्याची आठवण लोकांना मोठी कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसवल्यावरच येते.

पावसाळ्यानंतर येणाऱ्या सायकलींत हँगरच्या खालोखाल दोष असतो वायरीचा. गिअरची वायर १.२ मिलिमीटर जाडीची, अनेक बारीक तारा पिळून केलेली. ती हँडलच्या टेपखालून वळते, फ्रेमच्या पोटातून जाते आणि शेवटी मागच्या चाकाजवळ आउटरच्या, म्हणजे तिच्यावरच्या आवरणाच्या, एका छोट्या गोल वळणातून डिरेलरमध्ये शिरते. चिखलाचं पाणी याच शेवटच्या वळणात साठतं. काका तेवढाच तुकडा सोडवतात, वायर दोन बोटांत धरून पुढे-मागे करतात आणि आतून वाळू घासल्यासारखा आवाज आला की गिऱ्हाइकाच्या हातात देतात. सांगावं काहीच लागत नाही.

दुसरी जागा शिफ्टरच्या पोटात. टेपखालून वायर नेणाऱ्या शिफ्टरमध्ये वायर एका छोट्या चक्राभोवती घट्ट वळते. काही हजार किलोमीटरनंतर त्या वळणावर एकेक तार तुटायला लागते. बाहेरून काही दिसत नाही. गिअर अधूनमधून चुकतो, फिरकी फिरवली की दोन दिवस बरा राहतो, पुन्हा चुकतो. फिरकी आठवड्यात दोनदा फिरवावी लागली तर वायर मरायला टेकली आहे असं खुशाल समजावं. ती पूर्ण तुटली की तिचं शेंड्याचं टोक आत अडकून बसतं आणि चिमट्याने तारा उपटण्यात अर्धा दिवस जातो. लांब पल्ल्याच्या बीआरएम राइड करणारे, ज्यांना ६०० किलोमीटरसाठी ४० तास मिळतात, ते म्हणूनच मोठ्या राइडआधी चांगली दिसणारी वायरही बदलून घेतात. रस्त्यात तुटलीच तर स्प्रिंग चेनला सगळ्यात छोट्या चकतीवर नेऊन बसवते आणि त्या गिअरवर घाट चढणं शक्य नसतं. तेव्हा मात्र एच स्क्रू कामाला येतो. तो आत पिळत गेलं की डिरेलर एखाद-दोन चकत्या आत अडकून राहतो आणि पुढच्या दोन चकत्या धरून घरी पोचण्यापुरते दोन गिअर मिळतात.

आउटरचीही एक गंमत आहे. ब्रेकचं आउटर पाच मिलिमीटरचं, आत स्प्रिंगसारखी वेटोळी. गिअरचं चार मिलिमीटरचं, आत लांबीच्या दिशेने सरळ तारा. वेटोळ्यांचं आउटर दाबलं की किंचित आखडतं. ब्रेकला त्याने बिघडत नाही, गिअरला बिघडतं, कारण तिथे हिशोब मिलिमीटरच्या दशांशाचा असतो. गावाकडच्या दुकानात घाईत ब्रेकचं आउटर कापून बसवलेल्या सायकली येतात. हँडल वळवलं की गिअर आपोआप बदलतो. मालक सांगतो, "भूत आहे यात."

चेनसाठी पट्टी पुरते. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच. चोवीस अंतरांचे बारा इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर व्हायला हवेत. ते दीड मिलिमीटरने वाढलं असेल तर अर्धा टक्का झीज झाली, आणि अकरा-बारा गिअरवाल्यांनी चेन बदलावी. तीन मिलिमीटरपर्यंत गेलं तर बहुधा कॅसेटही गेली. झिजलेल्या कॅसेटवर नवी चेन टाकली की ती जोर दिल्यावर नेमकी उडते आणि दोष नव्या चेनला दिला जातो.

हे सगळं तपासून झालं, हँगर सरळ, वायर नवी, चेन मापात, तरी गिअर जुळत नाही, अशी एक सायकल त्या दिवसांत आली. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाने ती जुनी विकत घेतली होती. शिफ्टर शिमानो टियाग्रा, टेन स्पीड. कॅसेट दहा चकत्यांची. डिरेलर शिमानो १०५, तोही टेन स्पीड. त्याने दोन दुकानं केली होती. एकाने वायर बदलली, दुसऱ्याने कॅसेट. "काका, मधले दोन-तीन गिअर लागतात, पण खालचे लागले की वरचे बिघडतात, वरचे लावले की खालचे."

काकांनी पेडल हाताने फिरवत सगळ्यात छोट्या चकतीपासून एकेक खटका मारायला सुरुवात केली. पहिला गिअर पडला, जरा घासत. दुसऱ्याला आवाज वाढला. तिसऱ्याला चेन पुढच्या चकतीवर चढू का नको करत राहिली, पाचव्या खटक्याला एक चकती गाळून थेट पुढची धरली. आठव्या खटक्याला चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर होती आणि शिफ्टरमध्ये एक खटका शिल्लक होता. तो मारायला गेलं तर एल स्क्रूच्या कुंपणाला डिरेलर टेकलेला आणि खटका दगडासारखा घट्ट. काकांनी मोबाइलच्या उजेडात शिफ्टरच्या खालच्या बाजूचा आणि डिरेलरच्या आतल्या बाजूचा नंबर वाचला. ४७०० आणि ५७००. "हे दोघं भांडणारच," ते म्हणाले. "आणि तुझी सायकल टेन स्पीड राहिली नाही. एट स्पीड झालीय."

मुलाला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. एका खटक्याला वायर किती ओढली जाते ते शिफ्टर ठरवतो. त्या ओढीच्या किती पट डिरेलर सरकतो ते डिरेलरची घडण ठरवते. या दोहोंचा गुणाकार चकत्यांमधल्या अंतराइतका यायला हवा, एवढाच सगळा मामला आहे. शिमानोच्या दहा चकत्यांच्या कॅसेटमध्ये एका चकतीपासून दुसरीपर्यंत ३.९५ मिलिमीटर असतात. २०१० च्या १०५ मालिकेत, म्हणजे ५७०० मध्ये, शिफ्टर २.३ मिलिमीटर वायर ओढतो आणि डिरेलर तिच्या सुमारे १.७ पट सरकतो. गुणाकार ३.९. जमलं. २०१५ ची टियाग्रा ४७०० आली तेव्हा कंपनीचे वरचे संच अकरा चकत्यांवर गेले होते आणि त्यांच्यासाठी डिरेलरची घडण बदलून पट १.४ वर आणली होती. पट कमी म्हणजे वायर जास्त ओढावी लागते, आणि वायर जास्त ओढली की धूळ-गंजाच्या बारीकसारीक चुका कमी जाणवतात. बदल चांगलाच होता. टियाग्रा दहा चकत्यांवरच राहिली, पण तिला ही नवी घडण मिळाली. शिफ्टर २.८ मिलिमीटर ओढतो, डिरेलर १.४ पट. गुणाकार ३.९२. तेही जमलं.

आता यातला शिफ्टर आणि त्यातला डिरेलर जोडा. २.८ गुणिले १.७, म्हणजे ४.७६. प्रत्येक खटक्याला आठ दशांश मिलिमीटर जास्त. पाच खटक्यांत ही चूक चार मिलिमीटर होते, म्हणजे अख्खी एक चकती. आणि ४.७६ हा आकडा शिमानोच्या जुन्या आठ चकत्यांच्या कॅसेटला, जिच्यात चकत्यांमध्ये ४.८ मिलिमीटर असतात, जवळजवळ चपखल बसतो. काकांनी गुणाकार केला नव्हता. चेन कुठल्या खटक्याला किती पुढे जाते ते हाताने ओळखून त्यांनी एट स्पीड म्हटलं होतं. अर्थात हे आकडे ढोबळ आहेत, चौकोन तिरपा होताना पट थोडी बदलतही असते, पण दोष ओळखायला एवढं पुरतं. उलटी जोडी केली, ५७०० चा शिफ्टर आणि ४७०० चा डिरेलर, तर प्रत्येक खटक्याला ३.२ मिलिमीटरच मिळतात आणि नऊ खटके संपले तरी मोठ्या दोन चकत्या हाती लागत नाहीत. अशा वेळी माणूस एल स्क्रू सोडत बसतो. तो सगळा काढून टाकला तरी उपयोग नसतो.

आधीच्या मालकाने असं का केलं असेल? शिमानोच्या उतरंडीत क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा आणि ड्यूरा-एस अशा पायऱ्या आहेत. त्याचा टियाग्राचा डिरेलर मोडला असणार आणि त्याने विचार केला असणार की दोन्ही टेन स्पीड आहेत, मग एक पायरी वरचाच घ्यावा. विचार कुणालाही पटेल असाच आहे. कंपनीच्या जुळणी-तक्त्यात या दोघांची जोडी नाही, पण सुटा डिरेलर घेताना तो तक्ता कोण उघडतो? माझं स्पष्ट मत असं की एकाच कंपनीच्या, एकाच आकड्याच्या, दिसायला सारख्या दोन वस्तू एकमेकींत चालत नसतील तर तो फरक डब्यावर मोठ्या अक्षरात असला पाहिजे. चार आकडी मॉडेल नंबर म्हणजे इशारा नव्हे.

हा घोळ सायकलच्या जन्मापासूनचा नाही. गिअर बदलणाऱ्या सायकलींचा पुरस्कार करणारा पहिला मोठा माणूस फ्रान्समधल्या सेंत-एतिएनचा पॉल द व्हिव्ही. व्हेलोसिओ या नावाने तो ‘ल सिक्लिस्त’ नावाचं मासिक चालवायचा आणि डोंगरात गिअरच्या सायकली स्वतः चालवून दाखवायचा. टूर द फ्रान्सचा संस्थापक आंरी देग्रांज याला गिअर म्हणजे वय झालेल्यांची सोय वाटायची. त्यामुळे कितीतरी वर्षं टूरचे स्पर्धक डोंगराच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढून उलटं बसवत, म्हणजे दुसऱ्या बाजूची चकती मिळे. टूरमध्ये डिरेलरला मोकळीक मिळाली १९३७ मध्ये, आणि त्या वर्षी रोजे लापेबी डिरेलरच्या सायकलवर जिंकला. पुढे इटलीच्या कॅम्पान्योलोने आजच्या डिरेलरची चौकोनी घडण रुळवली. १९६४ मध्ये जपानच्या सनटूरने तो चौकोन तिरपा केला, त्यामुळे पुली लहान-मोठ्या सगळ्या चकत्यांच्या सारखी जवळ राहू लागली. आज दुकानात दिसणारा जवळजवळ प्रत्येक डिरेलर या तिरप्या चौकोनाचा वंशज आहे.

या सगळ्या काळात कुठलाही डिरेलर कुठल्याही फ्रीव्हीलवर, म्हणजे मागच्या चकत्यांच्या तेव्हाच्या संचावर, चालत असे. शिफ्टर म्हणजे फ्रेमच्या खालच्या नळीवर एक साधी दांडी, तिला खटके नव्हते. स्वार ती सरकवत जाई आणि आवाज थांबला की थांबे. मिलिमीटरचा हिशोब त्याच्या कानात आणि बोटांत होता. सनटूरच्या तिरप्या चौकोनाचं पेटंट १९८४ मध्ये संपलं. साकाईच्या शिमानोने तो उचलला, दांडीत खटके बसवले, आणि शिफ्टर, वायर, आउटर, डिरेलर, चेन, चकत्या हे सगळं एकमेकांसाठी मोजून-मापून ड्यूरा-एसच्या एकाच संचात विकायला काढलं. एक खटका, एक गिअर. नवशिक्यालाही अचूक गिअर टाकता येऊ लागला, हे मोठंच काम झालं. पण कान आणि बोटं करत होती ती जुळवाजुळव आता धातूत कोरली गेली, आणि कोरलेलं माप प्रत्येक कंपनीने, प्रत्येक पिढीने आपापलं ठेवलं. काकांच्या दुकानातलं एक गिऱ्हाईक, निवृत्त प्राध्यापक, अजून खालच्या नळीवर दांडी असलेली स्टीलची सायकल चालवतात. त्यांची सायकल जुळवणी बिघडली म्हणून कधी आली नाही, असं काका कौतुकाने सांगतात. सिंहगडाच्या चढावर एक हात हँडलवरून काढून ती दांडी शोधायला मात्र छाती लागते.

आणि घाटामुळेच आपल्याकडे ही मिसळ जास्त होते. पूर्वी रोड बाइक ३४ दातांची पुढची छोटी चकती आणि मागे मोठ्यात मोठी २८ दातांची घेऊन येत. शर्यतीच्या सपाट रस्त्यांसाठी ते ठीक. पण सिंहगडाच्या वळणांवर तुमचा-माझा वेग ताशी सात किलोमीटरवर येतो. त्या वेगाला ३४-२८ वर पाय मिनिटाला जेमतेम ४६ फेरे मारतात, आणि प्रत्येक फेरा गुडघ्यातून जातो. मागे ३४ दातांची चकती असली तर तेच फेरे ५५ च्या वर जातात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला हा फरक दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतो. त्यामुळे दरेकजण मोठी कॅसेट मागतो. पण कॅसेट बदलली की डिरेलरची दोन मापं आड येतात. पहिलं, तो जास्तीत जास्त किती दातांच्या चकतीखालून जाऊ शकतो. दुसरं, तो किती ढिली चेन गोळा करू शकतो. पुढच्या दोन चकत्यांच्या दातांतला फरक आणि मागच्या टोकांच्या चकत्यांतला फरक यांची बेरीज म्हणजे ही ढील. पुढे ५०-३४ आणि मागे ११-३४ असेल तर १६ अधिक २३, एकोणचाळीस. १०५ आर७००० चा आखूड पिंजऱ्याचा डिरेलर पस्तीसपर्यंत झेपवतो, लांब पिंजऱ्याचा बरोबर एकोणचाळीस. आखूड पिंजऱ्यावर ही कॅसेट लावली तर एक तर छोटी-छोटी जोडी लावल्यावर चेन लोंबते, नाहीतर चेन आखूड कापलेली असेल तर मोठी-मोठी लावल्यावर डिरेलर ताणून उपटला जातो. बी स्क्रू पिळून दोन-चार दातांची सवलत मिळते, ढिलीची मिळत नाही.

जुन्या टेन स्पीडवाल्यांकडे यावर एक नामी युक्ती आहे. शिमानोच्या माउंटन बाइकच्या नऊ गिअरच्या जुन्या डिरेलरची पट १.७ च आहे. म्हणून तो १०५ च्या ५७०० किंवा अल्टेग्राच्या ६७०० या रोड शिफ्टरबरोबर बिनतक्रार चालतो आणि ३४ दातांची चकती सहज घेतो. दहा गिअरचा माउंटन डिरेलर मात्र चालत नाही, कारण २०१० मध्ये त्याची पट १.२ झाली. इथेही आकड्यावर गेलं तर फसगत. हबचंही एक प्रकरण आहे. अकरा चकत्यांच्या रोड कॅसेटला १.८५ मिलिमीटरने जास्त लांब हब लागतो. नव्या हबवर जुनी दहाची कॅसेट लावायची तर तेवढ्याच जाडीची कडी घालावी लागते. ती विसरली तर कॅसेट आवळणारं लॉकरिंग घट्ट होतं, कॅसेट मात्र खुळखुळते. ११-३४ ची अकरा चकत्यांची एक कॅसेट मुद्दाम जुन्या हबवर बसेल अशी बनवलेली आहे. तिची मोठी चकती स्पोकच्या वर झुकून बसते, त्यामुळे जागा पुरते.

अमेरिकेच्या स्रॅमने आपल्या दहा गिअरच्या रोड आणि माउंटन डिरेलरची पट सारखी ठेवली होती, त्यामुळे त्या काळचे स्रॅमवाले बिनघोर होते. स्रॅमचा शिफ्टर आणि शिमानोचा डिरेलर मात्र नाही. कॅसेट त्या दोघांची अकरापर्यंत बहुतेक वेळा एकमेकांची चालते, कॅम्पान्योलोची नाही. वायरच्या वाटेत बसवून ओढ कमी-जास्त करणाऱ्या छोट्या चकऱ्याही मिळतात. काकांना त्या आवडत नाहीत. "बिघडायला आणखी एक जागा," म्हणतात. बॅटरीवरच्या डिरेलरला वायर नाही, ओढ नाही, तरी त्यालाही सरळ हँगर लागतो, आणि त्याची जुळणी आता सॉफ्टवेअर ठरवतं. २०२३ मध्ये शिमानोने क्यूज नावाची मालिका काढली. नऊ, दहा, अकरा गिअरचे भाग एकमेकांत चालावेत असा तिच्यामागचा विचार आहे. पण जुन्या मालाशी तिचं जमत नाही, म्हणजे रस्त्यावर आधीच धावणाऱ्या सायकलींसाठी काकांना मागची पिढी सांभाळून ठेवावीच लागणार. त्यांच्या कपाटात बिस्किटांच्या डब्यांवर मार्करने लिहिलेलं आहे: "१.७", "१.४", "बघून घेणे".

हिंजवडीच्या मुलाने दोन पर्यायांचा विचार केला. एक, ४७०० चाच लांब पिंजऱ्याचा डिरेलर, ३४ पर्यंत घेणारा. दुसरा, खडीच्या रस्त्यांसाठी निघालेल्या जीआरएक्स मालिकेतला दहा गिअरचा, ३६ पर्यंत घेणारा. त्याचीही ओढ ४७०० शी जुळते. त्याला सिंहगड बसून चढायचा होता, त्याने दुसरा मागवला. वायर नवी होती, हँगर सरळ होता, कॅसेट आणि चेन मात्र त्याच्या मापाची घ्यावी लागली. डिरेलर बसवून फिरकीचा दीड फेरा फिरवल्यावर नऊच्या नऊ खटके पडले.

काढलेला १०५ काकांनी रॉकेलमध्ये धुतला, पुल्यांना तेल दिलं आणि त्याच आठवड्यात आलेल्या, डिरेलर स्पोकमध्ये गेलेल्या एका कॉलेजच्या मुलीच्या क्लॅरिस सायकलवर चढवला. क्लॅरिसला आठ चकत्या. शिफ्टरची ओढ २.८, डिरेलरची पट १.७. "जुना आहे म्हणून फुकट देऊ नका, पैसे घ्या," ती म्हणाली. काकांनी निम्मे घेतले आणि ते हिंजवडीच्या बिलातून वळते केले.